टाके निघाल्यानंतर

'ऑपरेशन झालं' ही आपल्याकडे विषय संपल्याची बातमी असते. अपेंडिक्सचं झालं, पित्ताशयातल्या खड्यांचं झालं, आजीच्या मोतीबिंदूचं झालं. लोक शहाळं घेऊन भेटायला येतात, टाके निघतात, 'महिनाभर जड उचलू नको' अशी सूचना मिळते आणि मग त्या शरीराची फारशी चौकशी कुणी करत नाही. माझं मोठं आतडं काढलं त्याला सहा वर्षं झाली. अजूनही लग्नात, बारशात कुणी भेटलं की विचारतं, "काढलं ना सगळं? मग आता काय?"

हा लेख त्या 'मग आता काय'बद्दल आहे.

माझ्या आजाराचं नाव फॅमिलियल अ‍ॅडेनोमॅटस पॉलिपोसिस. सोयीसाठी एफएपी. साधारण दहा हजार जन्मांमागे एकाला हा असतो. पाचव्या गुणसूत्रावर एपीसी नावाचं एक जनुक असतं. त्यात दोष असला की मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तरावर किशोरवयापासून कोंब फुटायला लागतात. त्यांना पॉलिप म्हणतात. काहींना शंभर, काहींना हजारो. एकेकटा पॉलिप निरुपद्रवी असतो, पण इतक्या साऱ्यांपैकी एखादा कधीतरी बिघडतोच. म्हणून आतडं तसंच ठेवलं तर कॅन्सर होणं जवळपास ठरलेलं असतं, आणि तोही सरासरी चाळिशीच्या आसपास. आईवडिलांपैकी एकाला हा दोष असेल तर प्रत्येक मुलाला तो येण्याची शक्यता निम्मी. नाणं उडवल्यासारखी. साधारण एक चतुर्थांश रुग्णांच्या घरात आधी कुणालाच नसतो, त्यांच्यापासूनच सुरुवात होते.

आमच्या घरात सुरुवात कुठून झाली ते कुणालाच सांगता येणार नाही, कारण आमच्याकडे या आजाराला तीन पिढ्या 'मूळव्याध' म्हणत होते. तासगावच्या बाजूला आमचं गाव. आजोबांना संडासातून रक्त जायचं. त्यावर उष्णता, द्राक्षबागेतलं उन्हातलं काम, तिखट खाणं अशी कारणं होती आणि ताक, सब्जा, एका वैद्यांची पुडी असे उपाय होते. ते बेचाळिसाव्या वर्षी 'पोटाच्या दुखण्यानं' गेले. बाबांनाही रक्त जायचं. बाबा म्हणायचे, "आमच्यात असतंच ते." या वाक्यात केवढी अचूक वैद्यकीय माहिती होती हे कळायला २०१६ साल उजाडावं लागलं. तेव्हा बाबांच्या आतड्यातला कॅन्सर यकृतापर्यंत पोचला होता. ते त्रेचाळीस वर्षांचे होते. त्यांच्या कोलोनोस्कोपीचा रिपोर्ट बघून डॉक्टरांनी आईला पहिला प्रश्न विचारला तो मुलांच्या वयाचा. मी एकोणीस वर्षांची होते, धाकटा दहा वर्षांचा.

बाबा गेल्यावर आमची चाचणी झाली. नाणं दोन्ही वेळा एकाच बाजूला पडलं.

२०१९च्या मे महिन्यात, बाविसाव्या वर्षी, माझं मोठं आतडं काढलं आणि लहान आतड्याचं टोक खाली गुदाशयाला जोडलं. काहींचं गुदाशयही काढतात आणि लहान आतड्याचीच पिशवी करून बसवतात. माझ्या गुदाशयात पॉलिप फार कमी होते आणि पिशवीच्या शस्त्रक्रियेनंतर बायकांना दिवस राहायला अडचण येऊ शकते, म्हणून माझं गुदाशय ठेवलं. त्यानंतरच्या जगण्याबद्दल लोकांना फार कुतूहल असतं, पण त्यात सांगण्यासारखं थोडंच आहे. दिवसातून पाच-सहा वेळा जावं लागतं. सांगली-पुणे बस कुठे थांबते आणि कुठलं स्वच्छतागृह बरं आहे हे मला पाठ आहे. मीठ आणि पाणी जास्त लागतं. बाकी मी नोकरी करते, पावभाजी खाते, पर्वती चढते.

डिस्चार्जच्या दिवशी सर्जननी एका कागदावर तीन गोष्टी लिहून दिल्या होत्या. पहिली, उरलेलं गुदाशय: तिथेही पॉलिप येणार, म्हणून ठरलेल्या मुदतीनं दुर्बीण घालून बघायचं. दुसरी, जठराच्या पुढचा लहान आतड्याचा पहिला भाग, म्हणजे ड्युओडेनम: तिथे पॉलिप हळूहळू वाढतात, म्हणून विशीनंतर तोंडावाटे एंडोस्कोपी. तिसऱ्या ओळीत एकच शब्द होता, डेस्मॉइड. त्यापुढे लिहिलं होतं, 'पोटात गाठ लागली, पोट फुगलं, पाठीत दुखलं तर लगेच या.'

मोठं आतडं वेळेत काढलेल्या एफएपीच्या रुग्णांचा जीव पुढे कशामुळे जातो, हे नंतर वाचलं तेव्हा त्या कागदाचा अर्थ लागला. वर जी दोन नावं येतात ती हीच आहेत, ड्युओडेनमचा कॅन्सर आणि डेस्मॉइड. मोठ्या आतड्याचा धोका शस्त्रक्रियेनं खरोखरच जातो. पण जनुक आतड्यापुरतं नसतं. ते प्रत्येक पेशीत असतं आणि ते काढून बरणीत ठेवता येत नाही.

२०२१च्या पावसाळ्यात माझ्या उजव्या कुशीत दुखायला लागलं. आधी वाटलं, घरून काम करताना दिवसभर पलंगावर वाकडं बसते म्हणून असेल. सोनोग्राफीत दिसलं की उजवी किडनी सुजली आहे, कारण तिच्यापासून मूत्राशयाकडे जाणारी नळी कशानं तरी दाबली जाते आहे. एमआरआयमध्ये ते 'कशानं तरी' दिसलं. लहान आतड्याला ज्या पडद्यातून रक्त पोचतं त्या मेसेंटरीमध्ये सात सेंटिमीटरची गाठ होती. शस्त्रक्रियेला दोन वर्षं झाली होती. डेस्मॉइड दिसायचा काळही बहुतेक हाच असतो, पहिली दोन-तीन वर्षं.

'डेस्मॉइड' हा शब्द दोरी किंवा बंध या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला आहे. योहानेस म्यूलर या जर्मन शास्त्रज्ञानं तो १८३८मध्ये वापरला, कारण ही गाठ हाताला स्नायूबंधासारखी चिवट लागते. सर्वसाधारण लोकांत ती वर्षाला दहा लाखांत मोजक्या माणसांना होते. एफएपी असलेल्यांमध्ये मात्र साधारण दहा ते पंधरा टक्के लोकांना होते, आणि काही कुटुंबांत त्याहून जास्त. ती शरीरात दुसरीकडे पसरत नाही. म्हणून ती कॅन्सर नाही. आईला हे कळलं तेव्हा तिनं तिथेच देवाला हात जोडले. पण जी गाठ पसरत नाही ती जागच्या जागीही पुरेसं करू शकते. आतड्याला वेढा घालते, रक्तवाहिनी आवळते, मूत्रनलिका दाबते. माझ्या नलिकेत स्टेंट घालावा लागला आणि काही महिन्यांनी बदलावाही लागला.

ही गाठ नेमकी शस्त्रक्रियेनंतरच का येते, याचं उत्तर मला एका तरुण डॉक्टरनं ओपीडीच्या गर्दीत कागदावर चित्र काढून समजावलं. जखम झाली की शरीर तिथे फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी वाढवतं. त्या जखमेची दोन टोकं सांधणारं तंतुमय ऊतक तयार करतात. त्यांना 'वाढा' असं सांगणाऱ्यांपैकी एक प्रथिन म्हणजे बीटा-कॅटेनिन. जखम भरत आली की बीटा-कॅटेनिन कमी होतं आणि काम थांबतं. ते कमी करणाऱ्या यंत्रणेतला मुख्य भाग म्हणजे एपीसी. एफएपी असलेल्या माणसाच्या प्रत्येक पेशीत एपीसीची एक प्रत आधीच बिघडलेली असते. एखाद्या फायब्रोब्लास्टमध्ये दुसरीही बिघडली, की तिथे 'थांबा' सांगणारं कुणी उरत नाही. जखम भरते आणि भरतच राहते.

म्हणजे माझ्या पोटातली गाठ हे बरं होणंच होतं, न थांबलेलं.

हे कळल्यावर मला आधी राग आला, मग बरं वाटलं. राग याचा, की ज्या शस्त्रक्रियेनं कॅन्सर टळला तिनंच या गाठीला जागा दिली. बरं याचं, की यात माझ्या खाण्यापिण्याचा, जड बादली उचलण्याचा, उपास मोडण्याचा काही संबंध नव्हता. आमच्याकडे कुठल्याही आजाराचं कारण शोधताना शेवटी बाईच्या वागण्यापाशी येऊन थांबतात. मावशीनं 'तू टाके ओले असताना जिने चढत होतीस' अशी आठवण काढली तेव्हा मी तिला ते चित्र काढून दाखवलं. तिला बीटा-कॅटेनिन समजलं नाही, पण जिने सुटले.

मग सगळ्यांचा एकच प्रश्न: "मग तीही काढून टाका की!"

हा प्रश्न मीही विचारला होता. गाठ आहे, सर्जन आहेत, काढा. पण मेसेंटरीतला डेस्मॉइड काढणं म्हणजे लहान आतड्याला रक्त देणाऱ्या वाहिन्यांमध्ये सुरी घालणं. कधी गाठीबरोबर आतड्याचा मोठा तुकडा जातो आणि मग माणसाला शिरेतून पोषण द्यावं लागतं. शिवाय काढली तरी परत येण्याचं प्रमाण मोठं, कारण गाठ काढण्याची जखम ही पुन्हा एक जखमच असते. म्हणून आज बहुतेक ठिकाणी आधी लक्ष ठेवतात, मग औषधं देतात आणि शस्त्रक्रिया नाइलाज असेल तेव्हाच करतात. काही गाठी वाढतात, काही वर्षानुवर्षं तशाच राहतात, काही आपोआप आकसतात.

माझी वाढत होती, म्हणून २०२२मध्ये सोराफेनिबच्या गोळ्या सुरू झाल्या. डेस्मॉइडवर या औषधाची मोठी चाचणी २०१८मध्ये प्रसिद्ध झाली. ८७ रुग्ण होते. दोन वर्षांनंतर औषध घेणाऱ्यांपैकी ८१ टक्क्यांचा आजार पुढे सरकला नव्हता, खोटी गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण ३६ टक्के होतं. पण मला त्यातला तिसरा आकडा जास्त लक्षात राहिला. खोटी गोळी घेणाऱ्यांपैकीही २० टक्के लोकांची गाठ लहान झाली. काहीही न करता. या आजारात 'अमुक घेतलं आणि गाठ गेली' असं सांगणाऱ्या कुणावरही विश्वास ठेवण्याआधी मी हा आकडा आठवते. गोमूत्र, कडुलिंबाचा रस, एका बाबांचा अंगारा, यांपैकी काहीही घेणाऱ्या पाच जणांत एखाद्याची गाठ तशीही आकसू शकते, आणि मग तो एकजण आयुष्यभर सांगत फिरतो.

सोराफेनिबचा आपल्याशी आणखी एक संबंध आहे. बायर कंपनीचं हे औषध यकृत आणि किडनीच्या कॅन्सरसाठी विकलं जायचं, महिन्याला सुमारे २ लाख ८० हजार रुपये किमतीला. मार्च २०१२मध्ये मुंबईतल्या पेटंट कार्यालयानं भारतातला पहिला सक्तीचा परवाना दिला आणि हैदराबादच्या नॅटको कंपनीला तेच औषध महिन्याला ८,८०० रुपयांच्या आसपास विकायला परवानगी मिळाली. बायर मुंबई उच्च न्यायालयात गेली आणि २०१४मध्ये हरली. तेव्हा मी शाळेत होते आणि पेटंट म्हणजे काय हे मला माहीत नव्हतं. दहा वर्षांनी मेडिकलच्या काउंटरवर उभी राहून मी यूपीआयनं पैसे भरू शकले, कर्ज न काढता, यामागे तो निकाल आहे.

गोळ्या सुरू झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात तळहात आणि तळपाय लाल होऊन सोलायला लागले. भाकरी थापणं सोडाच, मोबाइलवर टाइप करतानाही बोटं चुरचुरायची. युरियाचं क्रीम, सुती मोजे, गार पाणी. रक्तदाब वाढला. जुलाब हा या औषधाचा नेहमीचा त्रास, आणि मला तर मोठं आतडंच नाही. या काळात गरोदर राहायचं नाही, असं डॉक्टरांनी दोनदा बजावलं. आईसमोर. ती खिडकीबाहेर बघत होती. आमच्या ओळखीतल्या एका स्थळानं 'पोटाचं काहीतरी आहे म्हणे' एवढ्यावर नकार दिला होता, त्याला तेव्हा महिनाच झाला होता.

सव्वा वर्षात गाठ सातावरून साडेपाचावर आली आणि तिथेच थांबली. स्टेंट निघाला. गोळ्या बंद आहेत. दर सहा महिन्यांनी एमआरआय करते. नोव्हेंबर २०२३मध्ये अमेरिकेत निरोगासेस्टॅट या औषधाला मान्यता मिळाली, खास डेस्मॉइडसाठी मान्य झालेलं ते पहिलं औषध. बातमी वाचली तेव्हा मी ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये होते आणि शेजारच्या मैत्रिणीला नीट काही सांगता न येताच तिला चहा पाजला.

हे सगळं माझ्यापुरतं असतं तर मी कदाचित लिहिलं नसतं. पण धाकटा आता एकोणीस वर्षांचा आहे. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, होस्टेलवर राहतो. त्याच्या मोठ्या आतड्यात गेल्या कोलोनोस्कोपीत साठ-सत्तर पॉलिप मोजले, सगळे बारीक, बायोप्सीत चिंता करण्यासारखं काही नाही. आईचं म्हणणं सरळ आहे. "एकदाचं उरकून टाकू या. परीक्षा झाली की मे महिन्यात. म्हणजे पुढं नोकरी, लग्न, सगळं मोकळं." तिनं नवऱ्याला या आजारात जाताना पाहिलं आहे. तिच्या लेखी आतड्यातला प्रत्येक पॉलिप म्हणजे बाबांचा शेवटचा महिना आहे. तिला घाई नसती तरच नवल.

पण आमच्या रिपोर्टवर एक आकडा आहे. एपीसी प्रथिन म्हणजे २,८४३ मण्यांची माळ समजा. दोष कितव्या मण्यापाशी आहे यावरून आजाराचा स्वभाव बराचसा ठरतो. १,४४४ व्या मण्याच्या पुढे दोष असेल तर डेस्मॉइडचा धोका जास्त, असं अनेक कुटुंबांच्या नोंदींवरून दिसलं आहे. आमचा आकडा त्याच्या पुढचा आहे. घरात आधी कुणाला डेस्मॉइड झालेला असेल तरी धोका वाढतो. घरातली ती 'कुणी' मी. आणि पोटाची शस्त्रक्रिया हे तिसरं कारण. बाई असणं हेही एक कारण धरतात, तेवढं त्याला लागू नाही.

म्हणजे दोन पारडी आहेत. एकात कॅन्सर: थांबलो तर वाढणारा, पण दर वर्षी दुर्बिणीतून दिसणारा. दुसऱ्यात डेस्मॉइड: शस्त्रक्रिया केली की जागा मिळणारा, आणि एकदा आला की सहज न काढता येणारा. डॉक्टरांनी आईला सांगितलं, "काढायचं की नाही हा प्रश्नच नाही. काढायचंच आहे. प्रश्न कधी, एवढाच." पॉलिप कमी आणि लहान आहेत तोवर दर वर्षी कोलोनोस्कोपी, मोठे दिसतील ते तिथल्या तिथे काढायचे, आणि संख्या किंवा बायोप्सी बिघडली की थांबायचं नाही. ही सूट प्रत्येकाला नसते. शेकडो-हजारो पॉलिप असलेल्याला थांबायला सांगणं म्हणजे त्याला मारणं आहे. म्हणूनच हा निर्णय शेजाऱ्यांच्या अनुभवावरून किंवा माझ्या लेखावरूनही घेऊ नये. ज्याच्या त्याच्या आतड्यावरून आणि आकड्यावरून घ्यावा.

या थांबण्याची एक अट आहे, आणि ती अवघड आहे: एकही तारीख चुकवायची नाही. एकोणीस वर्षांच्या, काहीही दुखत नसलेल्या मुलानं दर वर्षी सुट्टीतले दोन दिवस या कामाला द्यायचे. यासाठी काय लागतं ते लंडनच्या सेंट मार्क्स हॉस्पिटलनं फार पूर्वी ओळखलं. १९२४पासून ते या आजाराच्या कुटुंबांची नोंदवही ठेवत आले आहेत. जनुकाचा शोध लागला १९९१मध्ये. म्हणजे त्याआधीची सदुसष्ट वर्षं फक्त वंशावळ, पत्रं आणि आठवण करून देणं, एवढ्यावर त्यांनी लोकांना वेळेत बोलावून तपासलं.

आमची नोंदवही मी एक्सेलमध्ये केली आहे. आजोबांपासून सत्तावीस नावं आहेत. दहा-बारा वर्षांच्या पुढच्या प्रत्येक मुलाच्या नावापुढे चाचणीची एक रकाना आहे. आत्याचा रकाना रिकामा आहे. "माझ्या पोरीचं जमायचं आहे, आत्ता हे काढू नकोस," असं ती म्हणाली. मी तिच्याशी भांडले नाही. तिच्या भावाला आणि वडिलांना काय झालं ते तिला माझ्याहून जास्त माहीत आहे. तिच्या मुलीशी, माझ्या आत्तेबहिणीशी, मी वेगळी बोलले. ती पंचवीस वर्षांची आहे, तिचं आतडं तिचं आहे. तिला मी एवढंच सांगितलं की रक्ताच्या एका चाचणीनं निम्मी भीती जाऊ शकते, कारण निम्म्या वेळा उत्तर 'नाही' असतं. तिनं अजून काही ठरवलेलं नाही. पण माझा मेसेज तिनं डिलीट केलेला नाही.

आईनं मे महिन्याचा हट्ट सोडला, पण मोफत नाही. दर कोलोनोस्कोपीच्या वेळी ती स्वतः हजर राहणार आणि रिपोर्ट डॉक्टरांकडून स्वतःच्या कानांनी ऐकणार, या बोलीवर. कॅलेंडरवर तिनं डिसेंबरच्या त्या तारखेला लाल पेनानं गोल केला आहे, गॅस सिलिंडरच्या नोंदीशेजारी.

काल रात्री धाकट्याचा मेसेज आला. "ताई, पेगलेक लिंबू पिळून प्यायलं तर चालतं का? मागच्या वेळी दोन लिटर नुसतं खारट पाणी पिऊन वैताग आला होता."

चालतं, मी लिहिलं. फक्त कोकम सरबत नको, लाल काही प्यायलं की आतून रक्तासारखं दिसतं.